दर महिन्याला भरते तरी कार्डाची बाकी कमी का होईना?

लातूरहून एका ताईंनी लिहिलंय, प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. मिस्टरांचं गावात कृषी सेवा केंद्र आहे, उधारी येते ती सोयाबीन विकल्यावर. मे महिन्यात एका मोठ्या मॉलमध्ये किराणा घेताना काउंटरवरच्या पोराने दुकानाचं क्रेडिट कार्ड काढून दिलं, पहिल्या खरेदीवर सूट पण मिळाली. मग जूनमध्ये लेकरांचे कपडे-दप्तरं, सप्टेंबरात महालक्ष्म्यांची खरेदी आणि दर महिन्याचा साडेतीन हजारांचा किराणा, सगळं त्याच कार्डावर. ऑनलाइन अकाउंट पुण्यातला भाचा बघतो, तो फोन करून सांगतो "मामी, या महिन्यात दोन हजार भरा", त्या भरतात. आता बाकी ३८,४०० झाली. "भरते तरी आकडा कमी होईना, उलट वाढायलाय. साठ हजारांची एफडी आहे साडेसहा टक्क्यांची, मार्चमध्ये सुटते, लेकीच्या नीटच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेली. ती मोडू का, का असंच दोन-दोन हजार भरत दिवाळी काढू? दिवाळीत पाच टक्क्यांऐवजी दहा टक्के पॉइंट द्यायलेत."

ताई, असंच दोन-दोन हजार भरत दिवाळी काढू नका, हे पहिलं. तुम्ही बिलाचा जो फोटो पाठवला त्यात व्याज महिन्याला साडेतीन टक्के लिहिलंय. आपल्याकडच्या भाषेत शेकडा साडेतीन. गावात कुणी शेकडा साडेतीननं पैसे देतो म्हणला असता तर तुम्ही उंबऱ्यावरूनच परत पाठवला असता, पण कार्डावर तो आकडा बारीक अक्षरात असतो म्हणून अंगावर येत नाही. वर्षाचे ४२ टक्के होतात हे. ३८,४०० वर महिन्याचं व्याज झालं १,३४४ रुपये, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी २४२, म्हणजे १,५८६. तुम्ही भरता २,०००, त्यातले १,५८६ व्याज-जीएसटीतच गेले, मुद्दल फिटलं फक्त ४१४ रुपयांचं, आणि त्याच महिन्यात साडेतीन हजारांचा किराणा पुन्हा कार्डावर, मग आकडा तीन हजारांनी वाढणार नाही तर काय होणार. आणि कार्डावर चाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी म्हणतात ना, ते मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच. बाकी राहिली की ती सवलत जाते, नवीन किराण्याला घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. काउंटरवर हे सहसा कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता पॉइंटचं. साडेतीन हजारांच्या किराण्यावर पाच टक्के म्हणजे महिन्याला १७५ रुपये, वर्षाचे २,१००. कार्डाची वार्षिक फी ४९९ आणि जीएसटी धरून ५८९, ती वजा केली तर वर्षाकाठी हातात राहतात १,५११. आणि सध्या तुम्ही एका महिन्याचं व्याज देताय १,५८६. वर्षभराचे पॉइंट एका महिन्यात गेले. दिवाळीच्या दहा टक्क्यांचं पण तसंच आहे, दहा हजारांची खरेदी केली तर हजाराचे पॉइंट मिळतील, पण ती बाकी तीन महिने तशीच राहिली तर व्याज-जीएसटी मिळून साडेबाराशेच्या आसपास जातात. यंदा दिवाळीची खरेदी रोखीनं करा, थोडी कमी करा, पण कार्डावर नको.

एफडी मात्र मोडू नका. मोडली तर बँक झालेल्या दिवसांपुरतंच व्याज देते, वरून बहुतेक ठिकाणी अर्धा-एक टक्का कापते. त्यापेक्षा त्याच बँकेत एफडीवर लोन मागा, साधारण ९० टक्क्यांपर्यंत मिळतं, व्याज एफडीच्या दराच्या वर एक-दोन टक्के असतं. साडेआठ टक्के धरा, ३८,४०० ला महिन्याचं व्याज २७२ रुपये. कुठे १,५८६ आणि कुठे २७२. शिवाय एफडीचं साडेसहा टक्के व्याज चालूच राहतं. बचत गटातून शेकडा दोननं मिळत असेल तरी एफडीवरचं लोनच स्वस्त पडतं. ॲपमध्ये कार्डाच्या बाकीचे हप्ते करून देतो म्हणून बटण येतं, ते एफडी नसणाऱ्यांसाठी ठीक आहे, तुम्हाला गरज नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण लेकीच्या फीचा प्रश्न आहे. मार्चमध्ये एफडी सुटेल तेव्हा व्याजासह ६३,९०० च्या आसपास होतील, आणि मधे काहीच भरलं नाही तर त्यातून बँक लोन आणि पाच महिन्यांचं व्याज मिळून जवळपास ३९,८०० कापून घेईल. हातात उरतील चोवीस हजार. म्हणून जे दोन हजार आता कार्डात भरता ते दर महिन्याला एफडीच्या लोनला भरा, आणि सोयाबीनची उधारी जशी येईल तशी आधी इथे टाका, दुकानात नवीन माल भरायच्या आधी. मिस्टरांशी हे आत्ताच बोलून ठेवा, मार्चमध्ये बोलून उपयोग नाही.

आता अकाउंटचं बघू, कारण मला वाटायलंय खरी गडबड इथेच झाली. भाच्याच्या मनात काही वाईट नाही, त्याला ॲपमध्ये दोन आकडे दिसतात, एक टोटल ड्यू म्हणजे पूर्ण बिल आणि एक मिनिमम ड्यू म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, तो मामीवर ओझं नको म्हणून लहान आकडा सांगतो. पण कार्ड तुमच्या नावावर, कर्ज तुमच्या नावावर, सिबिल तुमचं, आणि बिल मात्र त्याच्या ईमेलवर, म्हणजे सहा महिन्यांत तुम्ही पूर्ण बिल एकदाच पाहिलं, ते पण मला पाठवायला मागवलं तेव्हा. कार्डावर दुकानाचं नाव मोठं असलं तरी पैसे बँकेचे असतात, दुकानाच्या ॲपमध्ये पॉइंट बघा पण बाकी आणि व्याज बँकेच्या ॲपमध्येच बघायचं. ते ॲप तुमच्या फोनमध्ये घ्या, लॉगिन तुमच्या नंबरवर करा, ईमेल तुमचा टाकून घ्या, जमलं नाही तर शाखेत जाऊन फॉर्म भरा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच लावा, आणि बिल भरा म्हणून आलेल्या कुठल्याच लिंकवर जाऊ नका. चुकून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

ॲप उघडलं की आधी ऑटो-पे बघा. नांदेडच्या एका गुरुजींचं ऑटो-पे मिनिममवर लावलेलं होतं, दर महिन्याला पैसे कापले जायचे म्हणून ते निवांत होते आणि बाकी वाढत होती. लावायचं तर टोटलवर. मग ऑनलाइन व्यवहार आणि परदेशातले व्यवहार बंद करून ठेवा, ही बटणं प्रत्येक कार्डाला असतात, आरबीआयनं २०२० मध्येच सक्ती केली. बिलाची तारीख अडचणीची असेल तर बदलून मागता येते. तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच भरत जा. तारीख हुकली तरी तीन दिवसांपर्यंत लेट फी लावता येत नाही हे खरं, पण व्याज थांबत नसतं.

लोनचे पैसे आले की पूर्ण बाकी एकदाच भरा. पुढच्या बिलात थोडी रक्कम परत दिसेल, घाबरू नका, ते बिल निघाल्यापासून तुम्ही भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज असतं, तेवढं पण पूर्ण भरून टाका. लोकं इथेच चुकतात, सगळं फिटलं समजून ॲप बघायचं सोडतात आणि शे-दोनशेवर लेट फी चढत राहते.

कार्ड ठेवायचं का? आत्ता ॲपमधून लॉक करा. पुढच्या मे महिन्यात फी लागायच्या आधी ठरवा. उधारी आली, एफडीचं लोन फिटलं आणि दर महिन्याचं बिल पूर्ण भरायची खात्री असेल तरच उघडा, नाहीतर पॉइंट वापरून बंद करायचा अर्ज द्या. आरबीआयच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे बाकी शून्य असेल तर बँकेला सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, उशीर केला तर बँकेनं दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. टाळाटाळ केली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद नाही मिळाली तर आरबीआयच्या लोकपालाकडे, नंबर १४४४८, मराठीत बोलता येतं.

तर सोमवारी एफडीची पावती, आधार, पॅन घेऊन बँकेत जा, आणि कार्डाची बाकी त्याच दिवशी सकाळी तुमच्याच फोनवर बघून घ्या, भाच्याला विचारून नको.