पाण्याखाली इन्फ्रारेड फोटो निघतात का?

माझा कॅमेरा ७२० नॅनोमीटरच्या (हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप) इन्फ्रारेडसाठी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, तांबड्यापलीकडच्या प्रकाशासाठी बदलून घेतलाय. गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाला डायव्हिंग करताना त्यानं प्रवाळ टिपता येतील? (वास्को)

नाही. त्यासाठी महागडं हाऊसिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं जलरोधक कवच, घेऊ नका. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश मीटरभर स्वच्छ पाण्यातून गेला, की शंभरातला एक-दीड टक्का उरतो. ७५० ला जेमतेम सात-आठ. म्हणजे उन्हातला इन्फ्रारेड वरच्या दोन-तीन मीटरांतच संपत येतो, आणि प्रवाळ बहुतेक त्याखाली. प्रवाळांचं वेगळं रूपच हवं असेल, तर साधा कॅमेरा, निळा टॉर्च आणि लेन्सवर पिवळा फिल्टर घेऊन रात्री उतरा. काही प्रवाळ निळ्या उजेडात हिरवे, केशरी चमकतात. तो खर्च वाया जाणार नाही.

मग जोरदार इन्फ्रारेड टॉर्च नेला तर? (म्हापसा)

उजेडाला जाऊन परत यायचं असतं. मासा अर्ध्या मीटरवर असला तरी प्रवास मीटरभराचा, म्हणजे पुन्हा तोच एक-दीड टक्का. घरीच बघा: टीव्हीचा रिमोट दाबून त्याचा दिवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात पाहा, जांभळट ठिपका दिसेल. आता मध्ये माशांची काचेची टाकी लांबीच्या बाजूनं धरा. ठिपका मिणमिणेल किंवा दिसणारच नाही. रिमोट बहुधा ९४० चे असतात, आणि तो प्रकाश पाणी आणखी झपाट्यानं शोषतं.

टाकीतल्या माशांसाठी मात्र हे तंत्र फार कामाचं आहे. बहुतेक माशांना इन्फ्रारेड दिसत नाही, त्यामुळे रात्रीची त्यांची हालचाल न बिचकवता टिपता येते. दिवे ८५० चे घ्या, काचेला चिकटून लावा.

डायव्हर वापरतात तो लाल फिल्टर इन्फ्रारेडचाच ना? (फोंडा)

नव्हे. तो निळा-हिरवा प्रकाश थोडा अडवून रंगांचा तोल सावरतो, एवढंच.

बदललेला कॅमेरा मग गोव्यात वापरायचा कुठे? (पणजी)

पाण्याच्या वर! पाणी इन्फ्रारेड गिळतं म्हणूनच फोटोत ते काळंभोर येतं, आणि पानं तो परतवतात म्हणून पांढरी. चोडण बेटाच्या फेरीबोटीतून मांडवीकाठची खारफुटी टिपा, खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधावरून माडांची रांग टिपा. पाऊस ओसरल्यावर, पानं धुतलेली असताना जा. भर दुपारचं ऊन इथे चालतं, उलट तेच हवं. वारा पडलेला असेल तर बांधावरचं मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार, तेही घ्या: जुनं लाकूड करडं, पाणी काळं आणि मागे पांढरे माड.