समुद्रावरचा धूर-मार्कर: आधी एवढं समजून घे

अरे, मार्कर म्हणजे बॉम्ब ही गल्लत आधी सोड; ते समुद्रातली जागा दाखवायला धूर सोडणारं नळकांडं असतं. अमेरिकी नौदलाचा मार्क ५८ घे. विमानातून पाण्यात पडला की खारं पाणी आतल्या बॅटरीत शिरतं, त्यानंच वीज तयार होते आणि तांबड्या फॉस्फरसची पहिली कांडी पेटते. ती संपत आली की दुसरी. एकूण ४० ते ६० मिनिटं पिवळी ज्योत, पांढरा धूर. समुद्रात पडलेल्या माणसाचं डोकं लाटांत क्षणात हरवतं रे, म्हणून ही खूण लाखमोलाची. धुरावरून वाऱ्याची दिशाही कळते.

आणि कळकळीनं सांगतो, किनाऱ्यावर वाहून आलेलं असलं नळकांडं कधीच उचलू नकोस. उरलेला फॉस्फरस पुन्हा पेटू शकतो, विषारी फॉस्फिन वायूही सुटतो. लांब थांब, पोलिसांना कळव.