किती अटेम्प्ट झाले?

"जास्त बोललं तर पोरगी मनाला लावून घेते, नाही बोललं तर पुस्तक उघडत नाही. मग आम्ही करायचं तरी काय?" अकरावीचे क्लास सुरू होऊन पावसाळा सरत आला, की माझ्यासारख्या समुपदेशकाकडे हा प्रश्न घेऊन येणारे आईबाप वाढतात. मूल दहावीला नव्वदच्या पुढे असतं आणि मेडिकलच्या नीट किंवा इंजिनिअरिंगच्या जेईई परीक्षेच्या क्लासला गेल्यावर तीन-चार महिन्यांत घसरतं. दबाव वाढवायचा की सोडून द्यायचं, एवढ्या दोनच वाटा घरच्यांना दिसतात. उत्तर म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. मुलीला आपण सानिका म्हणू.

सानिका आली ती पोटदुखीपायी. दर रविवारी सकाळी पोटात कळ यायची, खाल्लेलं उलटून पडायचं. सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. शेवटी डॉक्टरांनीच माझ्याकडे पाठवलं. वडिलांचं नागपूरच्या इतवारीत दुकान आहे, माणूस सरळ. त्यांना हे सगळं नाटक वाटत होतं. "सोमवार ते शनिवार कसं दुखत नाही जी मग?" त्यांनी मला विचारलं.

प्रश्न रास्तच होता, आणि उत्तरही त्यातच होतं: रविवारी टेस्ट असते. पोट मात्र खरंच दुखत होतं. माणूस घाबरला की शरीर पळायच्या तयारीला लागतं, पचनाचं काम बाजूला पडतं, आतड्यांची चाल बिघडते. पोरगी ढोंग करत नाही, एवढं वडिलांना पटायलाच पहिली भेट गेली.

मग मी सानिकाशी एकटीशी बोलले. अशा वेळी मरणाचे विचार येतात का, हे मी सरळ शब्दांत विचारते. विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसतं ते येतं, असा पालकांचा समज असतो. तसं होत नाही, उलट मूल मोकळं होतं. ती म्हणाली, "मरायचं नाही, पण रविवार यायलाच नको असं वाटते." झोपेचं विचारलं. रात्री साडेबाराला आडवी होते, साडेपाचला उठते. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि वाचलेलं पक्कं व्हायचं कामही झोपेतच होतं. आई रात्री तिच्या सोबतीला जागायची. आईला ती माया वाटे, मुलीला पहारा.

इथे बहुतेकांना वाटतं की मुलीला डॉक्टर व्हायचंच नसेल, स्वप्न आईबापांचं असेल. वडिलांनीही धास्तावूनच विचारलं. तसं काही नव्हतं. तिला डॉक्टरच व्हायचं होतं, बायॉलॉजीवर ती भरभरून बोलायची. स्वप्न लादलेलं होतं की खरं, या एकाच चष्म्यातून आपण अशा मुलांकडे पाहतो आणि मग रोजच्या गोष्टी नजरेतून सुटतात.

रोजची गोष्ट अशी होती. मानेवाड्याहून धंतोलीच्या क्लासला वडील तिला स्कूटरवर सोडत. वाटेत मेडिकल चौक लागतो. मोठ्या काकांचा मुलगा मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, दुसऱ्या वर्षाला. चौक आला की वडील म्हणत, "पाहून घे." रागाने नाही, कौतुकाने. टेस्ट सुटली की गेटवर पहिला प्रश्न, "किती अटेम्प्ट झाले?" म्हणजे किती प्रश्न सोडवले. संध्याकाळी क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या बॅचची यादी यायची, नाव, मार्क, रँक. ग्रुप पालकांचा. म्हणजे सानिकाचा निकाल सानिकाच्या आधी तिच्या वडिलांना कळायचा, काकांना कळायचा, आणि जेवायच्या ताटावर तिला.

"मी तर तिला काहीच म्हणत नाही जी. फक्त विचारतो," वडील म्हणाले. खोटं बोलत नव्हते.

मी तिला जुन्या टेस्टचे पेपर आणायला सांगितलं. सोडवलेल्या प्रश्नापुढे ती पेन्सिलने बारीक टिंब द्यायची. आम्ही टिंबं मोजायला बसलो. नीटला १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं की १ वजा. एका पेपरात टिंबं १३२ आणि उत्तरपत्रिकेत गोळे काळे केलेले १७२. बाकीच्या चाळीसांचं काय, म्हटलं तर ती बराच वेळ पेन्सिलच्या टोकाकडे पाहत राहिली. शेवटच्या दहा मिनिटांत ती प्रश्न न वाचताच गोळे भरायची. "बाबा गेटवर विचारतात ना. १३२ सांगितलं की स्कूटर चालू करतात अन् घरापर्यंत काही बोलत नाहीत."

आता कोणी म्हणेल, अंदाजपंचे ठोकल्याने मार्क गेले. हिशेब केला तर तसंही नाही. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली, तर साधारण चारातलं एक लागतं, तीन चुकतात. चार मिळाले, तीन गेले. घाटा नाहीच. खरा घोटाळा वेगळा होता. एका रविवारी चाळीसातले चौदा लागले: ५६ वजा २६, तीस मार्कांची भर. पुढच्या रविवारी सहाच लागले: २४ वजा ३४, दहा मार्क उणे. चाळीस मार्कांचा हा चढउतार, आणि अभ्यासाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण पहिल्या रविवारी घरात रबडी आली आणि दुसऱ्या रविवारी मोबाइल काढून घेतला गेला. त्यातून मुलगी काय शिकणार? फिजिक्सचा कोणता धडा कच्चा आहे हे टेस्टने सांगायचं असतं. तिची टेस्ट तिला काहीच सांगत नव्हती, कारण ती वडिलांसाठी दिलेली होती.

हा कागद मी वडिलांसमोर ठेवला. दुकानदार माणूस, आकडे चटकन कळले. पण चिडले. "मॅडम, स्पर्धा काय मी तयार केली का?" नाही केली. २०२४ मध्ये २३ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली, आणि एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशभरात एक लाखाच्या थोड्याच वर होत्या. अशा माणसाला "मार्कांचं काही नसतं हो" असं सांगणारा समुपदेशक मला तरी बेजबाबदार वाटतो. मी एवढंच म्हटलं, बाहेरची स्पर्धा तुमच्या हातात नाही. गेटवर काय विचारायचं आणि निकाल आधी कोणी पाहायचा, हे दोन्ही तुमच्या हातात आहे.

ठरलं ते साधं होतं. क्लासचा ग्रुप वडिलांच्या मोबाइलवरून काढून सानिकाच्या मोबाइलवर टाकायचा. निकाल आधी तिने पाहायचा आणि सांगायचा तेव्हा तिने सांगायचा, सोमवार रात्रीपर्यंत. पेपरात न येणारा प्रश्न कोरा सोडायचा, निदान क्लासच्या टेस्टला. खऱ्या परीक्षेत काय करायचं ते नंतर बघू. अकराला दिवा बंद, आईचाही. आणि मेडिकल चौकात गप्प बसायचं. हे शेवटचं वडिलांना सगळ्यात जड गेलं.

क्लासकडेही ते गेले, यादी सगळ्यांना पाठवू नका म्हणून. उत्तर मिळालं, सगळीकडे असंच चालतं. चालतं हे खरं, पण चालायला नको. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात टेस्टचे निकाल जाहीर करू नयेत असं आहे आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असंही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्कांवरून बॅच पाडणं आणि चारचौघांत मुलांचा पाणउतारा करणं शक्यतो टाळा, असं बजावलं. पालकांना यातलं काही ठाऊक नसतं. दहा पालकांनी मिळून मागितलं तर फरक पडतो. एकट्याला कोणी विचारत नाही, हाही माझा अनुभव.

पुढे काय झालं? पहिल्या रविवारी कोऱ्या प्रश्नांमुळे मार्क उतरले आणि सोमवारी तिने ते सांगितल्यावर वडील जेवण अर्धं टाकून उठले. आईने फोन केला, मी म्हटलं थांबा. त्यानंतरच्या रविवारी गेटवर त्यांनी विचारलं, "तर्री पोहा खाणार का?" सानिका मला म्हणाली, "त्यांना विचारायचं होतं मॅडम, तोंडावर आलं होतं, पण गिळलं." पोटदुखी एकदम थांबली नाही. आधी उलटी बंद झाली, कळ दिवाळीपर्यंत येत होती. मार्कही उडी मारून वाढले नाहीत. चढउतार मात्र कमी झाला, आणि कोऱ्या प्रश्नांवरून तिला कळलं की इतक्या दिवसांत फिजिक्सचा रोटेशनल मोशन हा धडा तिने एकदाही नीट वाचलेला नाही.

घरात असंच काही दिसत असेल, तर मुलाला टेस्टचे पेपर घेऊन शेजारी बसवा आणि येणारे, न येणारे, ठोकलेले प्रश्न वेगळे करून पाहा. मार्क विचारू नका. झोप उडाली असेल, खाणं सुटलं असेल, "मी नसलेलंच बरं" असं तोंडून येत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

डिसेंबरात क्लासने बॅच बदलल्या आणि सानिका खालच्या बॅचमध्ये गेली. वडिलांचा त्याच दिवशी फोन, "मॅडम, जाऊन भेटू का सरांना?" म्हटलं, आधी तिला विचारा. ती म्हणाली, राहू द्या, इथले फिजिक्सचे सर शंका विचारली तर थांबून सांगतात. वडिलांना हे अजून पटलेलं नाही. पुढच्या बुधवारी ते माझ्याकडे येणार आहेत, यावेळी एकटेच.