डायनोच्या कर्जाआधी विम्याचा अर्ज वाचा

छत्रपती संभाजीनगरात मोटारसायकलचे सुटे भाग विकणाऱ्या आणि ४०२ मीटरच्या ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ ट्रॅकवरच्या वेगाच्या शर्यतीत, उतरणाऱ्या ३१ वर्षांच्या एका वाचकांचा प्रश्न आहे : डायनो (इंजिनाची ताकद मोजणारे यंत्र) आणि स्पोर्ट्स सायलेन्सरचा माल यांसाठी पाच वर्षांचे १२ लाखांचे कर्ज घ्यावे का? दुकानातून महिन्याला ६० हजार सुटतात. गेल्या वर्षी रेसिंगवर ४ लाख गेले आणि बक्षिसांचे ५० हजार आले. घरी पत्नी व लहान मुलगी असून जालन्यात आईवडील आहेत. पत्राच्या शेवटी ते लिहितात, ‘विम्याची काळजी नाही. दोन वर्षांपूर्वी मामांनी वर्षाला १ लाख २० हजार हप्त्याची पॉलिसी काढून दिली, अर्जही त्यांनीच भरला.’

मला काळजी वाटते ती याच वाक्याची. विम्याच्या अर्जात धोकादायक छंद व खेळांविषयी प्रश्न असतो आणि मामांनी तेथे ‘नाही’ लिहिले असेल, तर पहिली तीन वर्षे कंपनी माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारू शकते. वैयक्तिक अपघात विम्यातून तर शर्यतीतील अपघात बहुधा वगळलेलाच असतो. म्हणजे ज्या कारणासाठी तुमच्या घराला विमा हवा, नेमके तेच कारण उघडे आहे.

शिवाय संरक्षण किती? विमा आणि बचत एकत्र असलेल्या अशा पॉलिसीत ते साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे १२ लाख असते. वीस वर्षांत २४ लाख भरून ४२ लाख मिळाले, तरी परतावा जेमतेम ५ टक्के पडतो, आणि ६ टक्के महागाईने त्या ४२ लाखांची आजची किंमत १३ लाख उरते. याला ‘पैसे दुप्पट’ म्हणून विकणे मला अजिबात मान्य नाही, विकणारा नात्यातला असला तरीही.

कर्जाचे उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. वर्षाचे ७ लाख २० हजार, त्यातून बक्षिसे वजा जाता रेसिंगचे साडेतीन लाख आणि विम्याच्या हप्त्याचे १ लाख २० हजार गेले की घराला महिन्याला २१ हजार उरतात. १३ टक्क्यांनी कर्जाचा हप्ता मात्र २७ हजार होतो. प्रायोजक मिळेल ही आशा या हिशेबात धरता येत नाही. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलीस जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, तेव्हा त्या मालात पैसा अडकवू नका. चेन-स्प्रॉकेट आणि ब्रेक पॅड प्रत्येक गाडीला लागतात, तो माल स्वतःच्या पैशातून वाढवा.

आधी अर्जाची प्रत मागवा आणि उत्तर चुकीचे असेल तर कंपनीला लेखी कळवा. रेसिंग स्पष्ट नमूद करून १ कोटीच्या टर्म विम्यासाठी (बचतीशिवाय, फक्त मृत्यूनंतर घराला रक्कम देणारा विमा) अर्ज करा. जादा हप्ता लागला तरी भरा. एफएमएससीआय या देशातील मोटारस्पोर्ट्सच्या संघटनेच्या परवान्याबरोबर अपघात संरक्षण मिळते का आणि किती, हेही विचारून घ्या. नवी पॉलिसी हाती येईपर्यंत जुनी बंद करू नका आणि तोवर ट्रॅकवरही उतरू नका.