वाडगा पाझरतोय, बुडाला तुटकाय, भाचा फसला का?

प्रश्न : माझा भाचा जपानला असतो, त्यानं दिवाळीला येताना हागी गावातनं चहाचा वाडगा आणला. फिकट गुलाबी रंग, हातात धरायला छान. पण आतनं सगळीकडं केसासारखे तडे, बुडाच्या कडीचा एक तुकडा उडालेला, आणि चहा ओतला की टेबलावर ओल येते. पंधरा दिवस रोजचा चहा त्यातच घेतला तर आता वास मारतोय. हे म्हणतात सेकंडचा माल गळ्यात मारला. लाकडी खोका पण होता म्हणे, बॅगेत मावेना म्हणून तिथंच ठेवून आला. — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, भाचा फसला नाही, फक्त खोका टाकला तेवढं वाईट झालं, त्याच्यावर नंतर येतो.

आधी तो उडालेला तुकडा. वाडगा पालथा घाला आणि खाच नीट बघा, कड सरळ कापल्यासारखी असेल तर ती कुंभारानंच कापलीय. हागीच्या वाडग्यांची ती ओळखच आहे, जपानीत तिला किरीकोदाई म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की चांगला माल तिथल्या सरदार घराण्याचा, म्हणून मुद्दाम खोट काढून लोकांना विकायचे. पण कोरियन वाडग्यांना अशा खाचा आधीपासनं असायच्या आणि हागीची भट्टी उभी केली तीच जपाननं कोरियावर केलेल्या 1592 ते 98 च्या स्वाऱ्यांनंतर तिकडं नेलेल्या कोरियन कुंभारांनी, त्यामुळं ती गोष्ट मी गोष्ट म्हणूनच ऐकतो.

आता पाझर. आपला नवा माठ पाझरतो तेव्हा आपण तो परत करतो का? हागीची माती जाडीभरडी, भाजल्यावरही पूर्ण घट्ट होत नाही, आणि वरचं ग्लेज, म्हणजे काचेसारखा लेप, गार होताना मातीपेक्षा जास्त आकसतं म्हणून त्याला जाळी पडते. त्या जाळीतनं चहा आत मुरतो आणि वर्षानुवर्षं वाडग्याचा रंग बदलत जातो, त्यालाच ते लोक हागीची सात रूपं म्हणतात आणि त्यासाठीच तर घेतात! फक्त माठासारखी टिचकी मारून पारख करू नका, हा चांगला असला तरी मंदच वाजतो. नख फिरवा, आतनं आणि बाहेरनं एकाच रेषेवर अडकलं तर तो खरा तडा.

वास मात्र तुमच्या चहाचा आहे, दुधाचा. तो वाडगा बिनदुधाच्या हिरव्या चहाचा, आपला उकळलेला साय-साखरेचा चहा त्या जाळीत जाऊन आंबला. साबण लावू नका, तोही मुरतो. कोमट पाण्यात थोडा खायचा सोडा घालून रात्रभर ठेवा, दोन-तीनदा पाणी बदला, मग सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या. पाझर कमी करायचा तर भाताच्या पातळ पेजेत मंद आचेवर उकळून तिथंच गार होऊ द्या (आपली आजी मातीचं भांडं असंच तयार करायची, जपानीही हेच करतात, मजा आहे). गार पेजेतच ठेवून आच वाढवायची, एकदम गरमात टाकलात तर खरंच तडकेल. पुढं दर वेळी चहाआधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून घ्यायचा आणि पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवायचा नाही. मी साताऱ्यात जुलैच्या पावसात ओलसर वाडगा खोक्यात घालून बसलो, ऑगस्टात उघडला तर बुडाला हिरवी बुरशी, डाग अजून आहे.

आणि खोका. त्याच्या झाकणावर बहुतेक कुंभाराचं नाव, भांड्याचं नाव आणि शिक्का असतो, बुडावरच्या शिक्क्यापेक्षा विकत घेणारे ते आधी बघतात, बिनखोक्याच्या वाडग्याला भाव कमी येतो. दुकानाची पावती भाच्याकडं असेल तर आजच फोन लावायला सांगा, दुकानदारानं खोका ठेवलाही असेल. साहेबांना चहा तोवर स्टीलच्या कपात द्या.