अमेरिकेत घर विकताय? एमएलएसचे नियम आधी विचारा

अमेरिकेत घर विक्रीला काढणाऱ्या मराठी कुटुंबांच्या शंका फिरून फिरून त्याच येतात, म्हणून इथे एकत्र उत्तरे देत आहे. एमएलएस म्हणजे त्या भागातल्या ब्रोकरांची विक्रीच्या घरांची सामाईक नोंद. तिचे नियम जागोजागी थोडे बदलतात.

एमएलएसवर घर आम्हीच टाकू शकतो का?
नाही. नोंद सदस्य ब्रोकरमार्फतच होते.

एजंट म्हणतो, आधी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि अंगणात पाटी लावून बघू, एमएलएसवर दोन आठवड्यांनी. चालेल ना?
चालणार नाही. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंट-ब्रोकरांच्या देशव्यापी संघटनेशी जोडलेल्या एमएलएसमध्ये 2020 पासून नियम आहे: घराची जाहीर जाहिरात झाली की कामकाजाच्या एका दिवसात नोंद झाली पाहिजे. पाटी, फ्लायर, फेसबुक पोस्ट, घाऊक ईमेल हे सगळे जाहीरच. शेकडो जणांचा ग्रुप खाजगी मानला जाईल, या भरवशावर राहू नका. 'सगळेच करतात' हे ऐकीव उत्तर तर मुळीच मानू नका. दंड ब्रोकरला होतो, पण गिऱ्हाईक कमी मिळाल्याचा तोटा तुमचा.

घर खरेच गुपचूप विकायचे असेल तर वाट आहे: तुमच्या सहीने 'ऑफिस एक्सक्लुझिव्ह'. मग घर फक्त त्याच ब्रोकरेजमध्ये, म्हणजे ब्रोकरच्या कंपनीत, फिरते. 2025 पासून दुसरीही सोय आहे. नोंद लगेच होते, इतर ब्रोकरांना दिसते, पण झिलोसारख्या घरविक्रीच्या संकेतस्थळांवर ठरावीक मुदतीनंतर जाते. मुदत स्थानिक एमएलएस ठरवते; इथेही तुमची सही लागते. सही करण्याआधी एजंटला एवढेच विचारा: घर लपवण्यात माझा फायदा काय, ते लेखी द्या. विकणारा आणि घेणारा दोघेही एकाच ब्रोकरेजचे निघाले की दोन्हीकडचे कमिशन तिथेच राहते. तुमच्या घरावर मात्र बोली कमी लागतात. उत्तर गुळमुळीत आले तर सही न करता रिअल इस्टेट वकिलाला गाठा.

'भारतीय कुटुंबासाठी उत्तम' असे लिहू का?
अजिबात नाही. 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, धर्म, मूळ देश, मुले असणे-नसणे यांवरून पसंती दाखवणारी जाहिरात करता येत नाही. एजंट न नेमता घर विकलेत तरी हे लागू आहे. घराचे वर्णन करा, त्यात कोणी राहावे याचे नको. मंदिर जवळ आहे हे लिहायचे असेल तर आधी ब्रोकरला विचारा.

तयार केलेले 900 चौरस फुटांचे बेसमेंट क्षेत्रफळात धरू का?
मुख्य क्षेत्रफळात नको. मोजमापाच्या एएनएसआय (अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था) मानकानुसार मजल्याचा थोडा भाग जरी जमिनीखाली असला, तरी तो अख्खा मजला वेगळा मोजतात; बाहेर निघणारे दार असले तरीही. आकडा फुगवलात तर बँकेच्या मूल्यांकनात तो उघडा पडतो आणि ठरलेला सौदा अडतो. बेसमेंट स्वतंत्र दाखवा. ते परवाना काढून केले होते का, हेही नगरपालिकेत तपासून घ्या.

खरेदीदाराच्या एजंटचे कमिशन नोंदीत लिहायचे का?
17 ऑगस्ट 2024 पासून रिअल्टर्सच्या संघटनेशी जोडलेल्या एमएलएसमध्ये ते लिहिता येत नाही. नोंदीबाहेर बोलणी करता येतात; देणे-घेणे काय ठरले ते करारात वकिलाकडून तपासून घ्या.

नोंद काढून पुन्हा टाकली की बाजारातले दिवस शून्यापासून मोजतात का?
बऱ्याच ठिकाणी नाही, एकूण दिवस दिसतातच. मध्ये किती दिवसांचा खंड लागतो ते तुमच्या एमएलएसच्या नियमात बघा, आणि तोवर एजंटबरोबर किमतीचा फेरविचार करा.