जुन्या ब्रिटिश फोनच्या डायलवरचे लेबल: आधी साल ठरवा, मग कागद

तुमच्याकडे ब्रिटिश पोस्ट खात्याचा काळा बेकेलाइटचा ३३२ मॉडेलचा फोन आहे, डायलवर आकड्यांसोबत अक्षरे आहेत. मधल्या गोल जागेसाठी नेटवरचे चित्र इंकजेटवर छापलेत, पण शाई पसरली आणि एकूण प्रकार "नवा" दिसतो. लंडनचे, १९३८ च्या आसपासचे लेबल हवे आहे. शाईचा दोष सोपा आहे, त्याकडे नंतर येतो. "नवा दिसतो" याचे खरे कारण बहुतेक वेळा मजकुरात असते. हे लेबल म्हणजे एका विशिष्ट एक्स्चेंजचा (टेलिफोन केंद्राचा), विशिष्ट काळातला कागद आहे. साल आणि एक्स्चेंज आधी पक्के केले की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात.

सर्वांत आधी फोन उलटा करून तळ पाहा. भारतात सापडणारे या घाटाचे बरेच फोन बंगलोरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचे असतात. हा कारखाना १९४८ साली लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीशी करार करून उभा राहिला, त्यामुळे घडण ब्रिटिशच दिसते. ब्रिटिश पोस्ट खात्याच्या फोनवर मॉडेलचा आकडा, कारखान्याची खूण आणि साल उमटवलेले असते, आणि हँडसेटवर १६४ हा आकडा सापडतो. तुमचा फोन बंगलोरचा निघाला तर त्यावर लंडनचे लेबल लावू नका. ते कितीही सुबक छापले तरी खोटेच राहील. त्याला मुंबई किंवा पुण्याचा साधा आकडा जास्त शोभेल.

आता लंडनचा मजकूर. तिथले पहिले डायरेक्टर पद्धतीचे एक्स्चेंज होलबर्न, नोव्हेंबर १९२७ चे. या पद्धतीत एक्स्चेंजच्या नावाची पहिली तीन अक्षरे आणि मग चार आकडे फिरवायचे. म्हणून छापताना पहिली तीन अक्षरे मोठ्या लिपीत, उरलेले नाव लहान लिपीत, पुढे आकडे. लंडन पोलिसांच्या मुख्यालयाचा, म्हणजे स्कॉटलंड यार्डचा, व्हाइटहॉल १२१२ असाच लिहिला जाई: डब्ल्यू, एच, आय मोठे, बाकी लहान. सगळेच नाव मोठ्या लिपीत छापले की जाणकाराला ते लगेच खटकते, कारण मग कुठली अक्षरे फिरवायची हेच लेबल सांगत नाही.

लेबलाबरोबर डायलवरची अक्षरेही तपासा. ब्रिटिश डायलवर ६ पाशी फक्त एम आणि एन असतात, ओ हे अक्षर ० पाशी असते आणि झेड नसतेच. त्यामुळे होलबर्न म्हणजे ४०५. अमेरिकी मांडणीत ओ ६ वर येतो आणि तेच ४६५ होते. बाजारात मिळणाऱ्या नव्या आकडेपट्ट्या पुष्कळदा अमेरिकी मांडणीच्या असतात. अशी पट्टी बसवलेली असेल तर लेबल कितीही अचूक केले तरी डायल त्याला खोटे पाडेल.

आपत्कालीन सेवेच्या ९९९ या आकड्याचा घोळ सर्वांत जास्त होतो. ही सेवा लंडनमध्ये ३० जून १९३७ ला सुरू झाली, १९३८ मध्ये ग्लासगोला पोचली आणि इतर शहरांत पुढे हळूहळू गेली. साऱ्या देशात ती १९७६ पर्यंत पोचली. त्याआधी आणि जिथे ९९९ नव्हते तिथे ऑपरेटरसाठी ० फिरवायचा. म्हणून १९३८ च्या लंडनच्या लेबलावर आग, पोलीस, रुग्णवाहिका आणि ९९९ चालेल. त्याच वर्षीच्या लहान गावाच्या लेबलावर चालणार नाही. ज्या गावात मानवी ऑपरेटरचे एक्स्चेंज होते तिथे फोनला डायलच नसे. त्या जागी नुसती झाकणाची चकती असे, आणि तिच्या लेबलावर "डायल करा" हे शब्द येण्याचा प्रश्नच नाही.

ऑपरेटरसाठी १०० हा आकडा लेबलावर दिसला की ते लेबल एसटीडीनंतरचे, म्हणजे ऑपरेटरशिवाय बाहेरगावी थेट फोन लावण्याची सोय आल्यानंतरचे. एसटीडी ५ डिसेंबर १९५८ ला ब्रिस्टलहून सुरू झाली. बाहेरगावच्या कॉलसाठी सुरुवातीचा ० लागू लागला, म्हणून ऑपरेटरला ० वरून हलवावे लागले. लंडनच्या ०१ या कोडचे लेबल आणखी पुढचे: १९६६ पासून नावे जाऊन सगळे आकडे आले. इथे एक मोह आवरायला हवा. जुन्या नावाची अक्षरे आकड्यांत बदलून पुढे ०१ लावू नका. लंडन ट्रान्सपोर्टचा ॲबी १२३४ सरळ २२२ १२३४ झाला खरा, पण स्कॉटलंड यार्डचा व्हाइटहॉल १२१२ अक्षरांप्रमाणे ९४४ न होता २३० १२१२ झाला. वेणीदार सुती दोरीच्या ३३२ वर ०१ चे लेबल अशक्य नाही, फोन तीस-तीस वर्षे घरात राहत. पण मग तो १९६० च्या दशकातला फोन म्हणून मांडा, १९३८ चा म्हणून नको.

मोजमापाबाबत कुणाच्याही आकड्यावर विसंबू नका, माझ्याही नाही. लेबल धरून ठेवणारे गोल कडे हलक्या हाताने काढा. स्क्रूड्रायव्हर नको, प्लास्टिकची पातळ पट्टी वापरा. आधी उजेडात कड्याची फट कुठे आहे ते पाहा आणि तिथूनच उचला, नाहीतर कड्याला बाक येतो आणि ते पुन्हा सपाट बसत नाही. खाली जुने लेबल असेल तर ते टाकू नका. कधी कधी एकावर एक दोन-तीन लेबले निघतात आणि सर्वांत खालचे सर्वांत मोलाचे असते. शेजारी स्टीलची पट्टी ठेवून ते १२०० डीपीआयवर स्कॅन करा आणि आम्लरहित कागदाच्या पाकिटात जपा. मग व्हर्नियर कॅलिपरने लेबलाच्या खोबणीचा व्यास तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान मापातून ०.३ ते ०.५ मिमी वजा करा. तो तुमच्या लेबलाचा व्यास. अगदी घट्ट कापलेले लेबल पावसाळ्यात फुगते आणि मधोमध टेकाड येते.

नेटवरचे चित्र वापरू नका. इंकस्केपसारख्या व्हेक्टर प्रोग्रॅममध्ये मजकूर नव्याने मांडा. छापील भागासाठी गिल सॅन्स जवळचा पडतो, हा टाइप मोनोटाइपने १९२८ मध्ये आणला. पण एक अडचण आहे. धातूच्या टाइपात लहान मापाची अक्षरे वेगळी कोरलेली, थोडी रुंद आणि सैल असत. संगणकावरचा फाँट एकाच नकाशावरून लहान-मोठा होतो, म्हणून ६ पॉइंटवर तो बारीक आणि दाटलेला दिसतो. अक्षरांमध्ये दोन-तीन टक्के जादा जागा द्या आणि कडेला ०.०३ ते ०.०५ मिमीची काळी रेघ द्या, म्हणजे शाई दाबून छापल्यासारखी भर येते. गिलचा मूळ १ म्हणजे नुसती उभी रेघ. फाँटमध्ये शेंडी असलेला १ येत असेल तर पर्यायी आकार निवडा. गोलाईवरच्या मजकुराला अंतर डोळ्याने जुळवावे लागते, कारण वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला अक्षरे फाकतात.

फोनचा आकडा मात्र छापील ठेवू नका. मूळ लेबलांवर तो बऱ्याचदा टाइपरायटरने किंवा हाताने भरलेला दिसतो. खरा टाइपरायटर मिळाला तर कापण्याआधी पूर्ण कागदावरच टाइप करा, कापलेली चकती रूळात धरत नाही. बऱ्याच जुन्या यंत्रांवर १ ची कळ नसते आणि लहान एल वापरतात. तेच करा, तेच त्या काळाला धरून आहे.

तुमची शाई पसरली कारण साध्या इंकजेटची शाई पाण्यात विरघळणारी असते आणि दमट हवेत कागदाच्या तंतूंतून सरकते. लेझर प्रिंटर किंवा पिगमेंट शाई वापरा. काळा रंग शुद्ध काळाच ठेवा. चार रंगांचा काळा थोडा जरी सरकला तरी अक्षरांना निळी-लाल किनार येते. पिवळट छटा छापू नका, भिंगाखाली ठिपके दिसतात. त्याऐवजी मुळातच हस्तिदंती रंगाचा, १०० ते १२० जीएसएमचा, न चकाकणारा कागद घ्या. दुकानात अतिनील टॉर्च घेऊन जा. कागद निळा चमकला तर त्यात उजळवणारे रसायन आहे. १९३८ च्या कागदात ते नसे, आणि काही वर्षांनी त्या कागदाचा रंगही बदलतो. चहात बुडवून जुनेपणा आणू नका: डाग कडेला जमतात, कागद आम्लधर्मी होतो आणि पुढे ठिसूळ पडतो.

छापताना प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शंभर टक्के मापच निवडा. "पानात बसवा" हा पर्याय लेबल बारीक करतो. पानावर कोपऱ्यात १०० मिमीची रेघ टाका आणि छापल्यावर मोजा. लेझरच्या उष्णतेने कागद थोडा आकसतो. रेघ ९९.५ भरली तर माप तेवढे वाढवून पुन्हा छापा.

कापण्यासाठी कंपास-कटरची सुई थेट कागदात रोवू नका, ऐन मध्यभागी भोक पडते. केंद्रावर पुठ्ठ्याचा तुकडा सहज निघणाऱ्या टेपने चिकटवा आणि सुई त्यात टेकवा. पाते नवे हवे, दाब हलका, तीन-चार फेऱ्यांत कापा. एका फेरीत कापायला गेलात तर कागद ओढला जातो आणि कड लोकरीसारखी होते.

वरचे पारदर्शक झाकण पिवळे पडले असेल तर ते बहुधा सेल्युलॉइड आहे. ते झटकन पेट घेते, म्हणून गरम हवा किंवा गरम पाणी लावू नका. कुजताना त्यातून आम्लधर्मी वाफ सुटते, ती कागद आणि धातू दोन्ही खाते. फारच खराब असेल तर ०.२५ मिमीची पॉलिएस्टर किंवा ॲसिटेटची फिल्म त्याच मापात कापा. पीव्हीसी नको: त्यातला मऊ करणारा घटक टोनरला (लेझर प्रिंटरच्या भुकटी शाईला) चिकटतो आणि वर्षभरात अक्षरे झाकणावर उतरतात. लॅमिनेशनही नको, जाडी वाढून कडे नीट बसत नाही.

बसवताना गोंद लागत नाही, कडे पुरते. डायल स्थिर असताना मजकूर आडवा सरळ दिसला पाहिजे. लेबल बोटांच्या चकतीबरोबर फिरते, म्हणून चकती जागेवर घट्ट बसवून मगच लेबल सरळ करा. सगळे झाल्यावर ० पूर्ण फिरवून सोडा आणि पाहा: मजकूर त्याच जागी परतला नाही तर लेबल खोबणीत सैल आहे, कडे एकदा काढून व्यास पुन्हा तपासा. बेत आखताना कोकण-मुंबईच्या हवेचा विचार ठेवा: हे काम डिसेंबर ते मार्चमध्ये करा, जुलैत बंद केलेल्या झाकणाखाली ओलावा अडकतो आणि कागदावर तपकिरी ठिपके येतात.